‘यूज्ड कार्स’: एका ओळीत उरकण्याजोगा चित्रपट नव्हे

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

जुन्या हॉलिवूड विनोदपटांविषयी मराठीत लिहिलं जातं, तेव्हा ‘यूज्ड कार्स’ (१९८०) हा चित्रपट बहुतेकदा एका ओळीत उरकला जातो. पुढे ‘बॅक टु द फ्यूचर’मुळे जगभर नाव झालेल्या रॉबर्ट झेमेकिस आणि बॉब गेल या जोडीचं सुरुवातीचं काम, चावट, धांदलीचं, वेळ घालवायला ठीक, इतकं म्हणून विषय संपतो. हा या चित्रपटावर अन्याय आहे. रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर असलेल्या सेकंडहँड गाड्यांच्या दोन आवारांची ही गोष्ट आहे, आणि तिच्यातला जवळजवळ प्रत्येक मोठा विनोद यंत्राच्या, कायद्याच्या किंवा साध्या गणिताच्या खऱ्या गोष्टीवर उभा आहे. ती गोष्ट ठाऊक नसेल तर प्रेक्षक हसतो खरा, पण निम्मी गंमत त्याच्या हाती लागत नाही. म्हणून हा चित्रपट पाहण्यापूर्वी काय माहीत असावं, ते जरा सविस्तर मांडतो.

कथा थोडक्यात अशी. ठिकाण अमेरिकेतलं ॲरिझोना राज्य. चित्रीकरणही तिथल्या मेसा शहरात झालं. रॉय आणि ल्यूक हे जुळे भाऊ एकमेकांचे धंद्यातले वैरी. ल्यूकचं ‘न्यू डील’ नावाचं आवार डबघाईला आलेलं, तर रॉयचं समोरचं आवार झगमगीत. नवा महामार्ग आपल्या जागेवरून जाणार अशी खबर रॉयला लागते आणि त्याचा डोळा भावाच्या जागेवर जातो. ल्यूककडचा तरुण विक्रेता रुडी रुसो (कर्ट रसेल) याला राज्याच्या सिनेटची निवडणूक लढवायची आहे आणि त्यासाठी पैसा हवा आहे. धंदा जगवशील तर १०,००० डॉलर देतो, असा शब्द ल्यूकने त्याला दिलेला. त्या वेळच्या दराने हे साधारण ८०,००० रुपये होतात. पुढे ल्यूक मरतो. रुडी, जेफ हा दुसरा विक्रेता आणि जिम हा मेकॅनिक मिळून ही गोष्ट लपवतात. याहून जास्त सांगणं योग्य नाही.

सुरुवातीलाच रुडी एका गाडीचा मीटर मागे फिरवताना दिसतो. हे दृश्य काही सेकंदांत निघून जातं, पण सगळ्या चित्रपटाचा पाया तिथे घातलेला आहे. त्या काळच्या गाडीत गिअरबॉक्सच्या मागच्या टोकापासून डॅशबोर्डपर्यंत एक लवचिक केबल येत असे. अमेरिकन गाड्यांत गाडी एक मैल चालली की ही केबल साधारण १,००० फेरे घेई. मीटरमधले दंतचक्रांचे टप्पे हे फेरे कमी करत आकड्यांच्या चाकत्यांपर्यंत पोचवत. दोन चाकत्यांच्या मध्ये एक छोटी दातेरी चक्री असते. उजवीकडच्या चाकतीच्या कडेला फक्त दोन दाते असतात, डावीकडच्या चाकतीला मात्र सगळीकडून वीस. उजवीकडची चाकती एक फेरा पूर्ण करते तेव्हा तिचे दोन दाते मधल्या चक्रीला ढकलतात आणि डावीकडची चाकती वीसपैकी दोन दाते, म्हणजे एक दशांश फेरा, पुढे सरकते. नऊचा शून्य होताना शेजारचा आकडा बदलतो, तो असा. मैलांच्या चाकत्या बहुतेक गाड्यांत पाचच असत, शिवाय दशांशाची वेगळ्या रंगातली एक. म्हणजे ९९,९९९ नंतर पुन्हा ००,०००. चार हजार मैल दाखवणारी गाडी खरोखर चार हजार चाललेली की एक लाख चार हजार, हे मीटरवरून कळायची सोयच नव्हती.

हा मीटर मागे कसा नेत? केबल सोडवून तिच्या टोकाला ड्रिल मशिन लावायचं आणि उलटं फिरवायचं, असं पुष्कळांना वाटतं. गणित करून पाहिलं तर ते पटत नाही. मिनिटाला २,५०० फेरे घेणारं ड्रिल लावलं तर मिनिटाला अडीच मैल मागे जातात, तासाला दीडशे. तीस हजार मैल पुसायचे तर दोनशे तास लागतील, म्हणजे रात्रंदिवस चालवलं तरी आठ दिवसांहून जास्त. हजार-दोन हजार मैलांसाठी ते ठीक. मोठा आकडा पाडायचा असेल तर मीटरचा डबा बाहेर काढून, टोकदार हत्याराने चाकत्या बाजूला रेटून, मधल्या चक्रीच्या दात्यांवरून उडी मारायला लावून हाताने फिरवाव्या लागत. खुणा राहतात त्या इथेच. जबरदस्तीने फिरवलेले आकडे एका ओळीत बसत नाहीत. दहा हजारांचा आकडा किंचित वर किंवा खाली राहतो, चाकत्यांच्या कडांवर ओरखडे दिसतात, डॅशबोर्डच्या स्क्रूंची डोकी झिजलेली असतात. जाणकार गिऱ्हाईक मीटरचा आकडा वाचण्याआधी आकड्यांची ओळ सरळ आहे का ते पाही.

मीटर बदलला तरी बाकीची गाडी तीच राहते. अमेरिकेत वर्षाला दहा ते बारा हजार मैल हा ढोबळ हिशेब धरला जाई. पाच वर्षांची गाडी तीस हजार दाखवत असेल तर ब्रेक पेडलचं रबर, चालकाच्या बाजूच्या आसनाची कडा, स्टीअरिंगवर हात टेकतो ती जागा आणि चालकाच्या दाराची बिजागरी, हे चार साक्षीदार तपासायचे. दार उचलून पाहिलं आणि ते वर-खाली हललं, तर ते हजारो वेळा उघडलेलं आहे. तिथल्या सर्व्हिस स्टेशनवर तेल बदललं की दाराच्या चौकटीवर मैलांचा आकडा लिहिलेली चिठ्ठी चिकटवत. मीटर पाडणारे ती आधी खरवडून काढत, पण गोंदाचा चौकोन मागे उरे. जिम या मेकॅनिकचं काम पडद्यावर पाहताना हे सगळं डोळ्यांसमोर असलं, की हा माणूस चित्रपटात कशासाठी आहे ते कळतं. विक्रेत्याची जीभ किती लांब पोचेल, हे शेवटी मेकॅनिकचा हात ठरवतो.

आता कायदा. इथे बहुतेक प्रेक्षकांचा समज चुकीचा असतो. मीटर मागे फिरवणं १९८० मध्ये चालत होतं, कायदा नंतर आला, असं समजलं जातं. प्रत्यक्षात अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने १९७२ मध्येच ते बेकायदा ठरवलं होतं. फसलेल्या गिऱ्हाइकाला नुकसानीच्या तिप्पट किंवा १,५०० डॉलर, यांपैकी जी रक्कम जास्त असेल ती मागता येई. विकणाऱ्याने मैलांचा आकडा लेखी देणंही सक्तीचं होतं. तरीही धंदा राजरोस चालला, याचं कारण त्या कागदात होतं. मैलांची नोंद अनेक राज्यांत गाडीच्या मालकीच्या मुख्य दस्तावर नसे, ती वेगळ्या कागदावर असे. गाडी दोन-तीन हातांतून, दोन-तीन राज्यांतून फिरली की तो कागद गहाळ होई आणि नव्या आकड्याचा नवा कागद तयार होई. कंपन्यांनी भाड्याने घेतलेल्या, दोन-तीन वर्षांत प्रचंड धावलेल्या गाड्या या वाटेने ‘कमी चाललेल्या’ होऊन आवारात येत. ही फट १९८६ च्या कायद्याने बुजवली. त्याने मैलांची नोंद मालकीच्या दस्तावरच आणली.

दुसरा नियम काचेवरच्या कागदाचा. आज अमेरिकेत व्यापाऱ्याकडच्या प्रत्येक सेकंडहँड गाडीच्या काचेवर एक ठरावीक नमुन्याचा छापील कागद लावावा लागतो. गाडीला हमी आहे, की ती ‘जशी आहे तशी’ विकली जाते आहे, हे त्यावर खूण करून सांगायचं असतं. संसदेने १९७५ मध्ये केलेल्या हमीविषयक कायद्यातून या नियमाचं काम सुरू झालं. व्यापार आयोगाने १९८१ मध्ये नियम आणला. १९८२ मध्ये संसदेच्या दोन्ही सभागृहांनी तो नाकारला. असा नकार घटनेत बसत नाही, असं न्यायालयांनी ठरवलं. अखेर १९८४ मध्ये सुधारलेला नियम आला आणि मे १९८५ पासून लागू झाला. चित्रपट जुलै १९८० मध्ये पडद्यावर आला, म्हणजे ही ओढाताण ऐन भरात असताना. त्यामुळे चित्रपटातल्या कोणत्याही गाडीच्या काचेवर किमतीचे भडक आकडे असतील, पण हमीचा कागद नसेल. गिऱ्हाइकाने विचारायचं आणि विक्रेत्याने तोंडी शब्द द्यायचा, एवढंच. रुडीसारखा माणूस पोसला जातो तो या तोंडी शब्दावर. काचेवर कागद असता तर त्याचे निम्मे संवाद लिहिताच आले नसते.

रुडी मासेमारीच्या गळाला दहा डॉलरची नोट लावून रस्त्यापलीकडच्या गिऱ्हाइकाला आपल्या आवारात ओढून आणतो. जेफचा बीगल जातीचा कुत्रा इशारा मिळताच गाडीखाली आल्याचं सोंग घेऊन पडतो आणि अपराधी वाटलेला माणूस गाडी विकत घेतो. हे अतिशयोक्त आहे यात शंका नाही. पण ही माणसं इतकी हातघाईवर का आली आहेत, याचं उत्तर त्या वर्षीच्या आकड्यांत आहे. १९८० मध्ये अमेरिकेतली महागाई साडेतेरा टक्क्यांवर होती. बँकांचा मुख्य व्याजदर त्या एप्रिलमध्ये २० टक्क्यांना टेकला होता. गाड्यांचा व्यापारी बऱ्याचदा उभ्या मालावर कर्ज काढून धंदा करतो. दोन हजार डॉलरला घेतलेली गाडी २० टक्के दराने उभी राहिली तर रोज एक डॉलर दहा सेंट खाते. तीन महिने खपली नाही तर जवळजवळ शंभर डॉलर गेले, नफा तिथेच संपला. त्यात १९७९ च्या तेलटंचाईनंतर पेट्रोल महागलेलं, आणि आवारात उभ्या होत्या त्या आठ सिलिंडरच्या, अठरा फूट लांबीच्या, पेट्रोल ढोसणाऱ्या गाड्या. लोकांना छोट्या जपानी गाड्या हव्या होत्या. न खपणारा माल, चढं व्याज आणि समोर सख्खा भाऊ स्पर्धक. ‘न्यू डील’मधली प्रत्येक लबाडी या तिढ्यातून निघते. हे ध्यानात घेतलं की त्या लबाडीमागची भीतीही दिसू लागते, आणि माझ्या मते कर्ट रसेलने ती भीती फार नेमकी पकडली आहे. तो हसतो तेव्हाही त्याची नजर रस्त्यापलीकडे असते.

ॲरिझोनाची निवडही विचारपूर्वक वाटते. उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावरचं बर्फ वितळवायला मीठ टाकतात, त्याने गाड्यांचे पत्रे खालून सडतात. वाळवंटात ही अडचण नाही, म्हणून तिथल्या जुन्या गाड्यांचा पत्रा शाबूत असतो आणि त्या बाहेरून चांगल्या दिसतात. ऊन मात्र डॅशबोर्ड तडकवतं, रबराच्या पट्ट्या कडक करतं, छपरावरचं व्हिनाइल उकलतं. रंगाने चमकणारी पण आतून वाळलेली गाडी ही त्या भागाची खरी ओळख आहे, आणि कॅमेरा आवारातून फिरतो तेव्हा ती दिसते.

दूरदर्शनवर घुसखोरी करण्याचे दोन प्रसंग या चित्रपटात आहेत. एकदा फुटबॉलच्या थेट प्रक्षेपणात, दुसऱ्यांदा चक्क राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या महागाईवरच्या भाषणात. रुडीचे दोन तंत्रज्ञ मित्र (मायकेल मॅकीन आणि डेव्हिड लँडर) मधेच प्रक्षेपण तोडून ‘न्यू डील’ची जाहिरात घुसवतात. अनेकांना ही निव्वळ कवीकल्पना वाटते. ती तशी नव्हती. स्टुडिओतलं चित्र उंच मनोऱ्यावरच्या प्रक्षेपकापर्यंत बहुतेकदा मायक्रोवेव्हच्या एका अरुंद झोतातून जातं. प्रक्षेपकाला फक्त जोरकस लहर ओळखता येते, ती कोणाची आहे हे कळत नाही. मध्ये कोणी त्याच कंप्रतेवर (फ्रिक्वेन्सीवर) अधिक जोराची लहर सोडली तर प्रक्षेपक तीच पकडतो आणि गावभर पाठवतो. नोव्हेंबर १९८७ मध्ये शिकागोत एका रात्रीत दोन वाहिन्यांवर असंच घडलं. मुखवटा घातलेला एक माणूस अचानक पडद्यावर आला. पहिल्या वाहिनीच्या तंत्रज्ञांनी दुव्याची कंप्रता बदलून त्याला काही सेकंदांत हटवलं, दुसरीवर तो दीड मिनिटाच्या आसपास राहिला. तो कोण होता हे कधीच उघड झालं नाही. त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल १९८६ मध्ये, एका माणसाने उपग्रहाकडे जाणाऱ्या दुव्यावर मात करून अमेरिकेतल्या एका मोठ्या केबल वाहिनीवर स्वतःचा निरोप झळकवला होता. चित्रपट या दोन्ही घटनांच्या आधीचा आहे. साखळीतला कच्चा दुवा कुठे आहे, हे लेखकांनी हेरलं होतं.

अशा जाहिरातींचं वेडही खरंच होतं. अमेरिकेच्या पश्चिम भागात कॅल वर्दिंग्टन नावाचे व्यापारी दूरदर्शनवरच्या जाहिरातींत आपला ‘कुत्रा’ म्हणून वाघापासून हत्तीपर्यंत कोणताही प्राणी आणून उभा करत, आणि हे त्यांनी अनेक वर्षं केलं. चित्रपटातल्या जाहिराती त्याच परंपरेतल्या, फक्त चार पावलं पुढे गेलेल्या.

माझ्या मते सगळ्यांत सुरेख काम एक मैल गाड्यांच्या प्रसंगात झालं आहे. ल्यूकची मुलगी बार्बरा एक साधी जाहिरात करते. रॉय ती कापून-जोडून अशी करवतो, की आमच्याकडे एक मैल लांब गाड्या आहेत असा दावा तिने केल्यासारखं ऐकू यावं. मग खोट्या जाहिरातीचा खटला. न्यायाधीश म्हणतो, एक मैल गाड्या दाखव. आवारात तेवढ्या गाड्या नाहीत, वेळ काही तासांचा. मग वाळवंटापलीकडून अडीचशे गाड्या आणायच्या, आणि चालवायला कोण, तर शाळेत गाडी शिकणारी पोरं. अमेरिकेत हायस्कुलांमधून गाडी शिकवण्याची पद्धत रुजलेली होती, त्यामुळे एका शिक्षकाला गाठलं की थव्याने चालक मिळतात, ही युक्ती तिथल्या प्रेक्षकाला लगेच पटते. आपल्याकडे ती समजावून सांगावी लागते.

हिशेब करून पाहा. एक मैल म्हणजे ५,२८० फूट. अडीचशे गाड्यांनी भागलं तर एका गाडीच्या वाट्याला २१ फूट दीड इंच येतात. तेव्हाची मोठी अमेरिकन सेडान साधारण अठरा फुटांची. म्हणजे दोन गाड्यांत तीन फुटांहून किंचित जास्त अंतर राहिलं की मैल भरतो. बंपरला बंपर लावून उभ्या केल्या असत्या तर २९४ गाड्या लागल्या असत्या. साडेतेरा फुटी छोट्या गाड्या असत्या तर ३९२. अडीचशे हा आकडा मोठ्या गाड्यांना आणि थोड्या सैल रांगेला नेमका बसतो. आणि त्यामुळे एक गाडी कमी पडली तरी खटला हरण्याचा धोका खरा वाटतो. लाल रंगाच्या गाडीला घाबरणाऱ्या जेफला याच शर्यतीत काय करावं लागतं, ते पडद्यावरच पाहावं. संगणकावर गाड्यांची नक्कल करण्याचा तो काळ नव्हता. वाळवंटात धूळ उडवत जाणारी ती रांग खऱ्या गाड्यांची आहे, आणि ते जाणवतं. इतका गोंधळ चालू असताना कोणती गाडी कुठे आहे हे एकदाही हरवत नाही, याचं श्रेय संकलक मायकेल कान यांना द्यायला हवं.

जॅक वॉर्डन या अभिनेत्याने दोन्ही भावांची कामं केली आहेत. मराठी-हिंदी प्रेक्षकाला दुहेरी भूमिका नवीन नाही, पण इथे ती ज्या काटकसरीने वापरली आहे ती लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे. कॅमेऱ्याच्या करामतीवर भर नाही. दोघांमध्ये रस्ता आहे, आणि एकाचं बोलणं, दुसऱ्याचं बघणं असं कापत जाऊन काम भागतं. ल्यूक वाकलेला, दमलेला, छातीवर हात ठेवणारा. रॉय ताठ, घाईचा, माणसाकडे न बघता बोलणारा. श्वास कुठे घ्यायचा इथपासून फरक आहे. एका ज्यूरी खोलीत घडणाऱ्या १९५७ च्या प्रसिद्ध कृष्णधवल चित्रपटात, बेसबॉलच्या सामन्याला उशीर होतोय म्हणून खटला उरकू पाहणारा ज्यूरी याच वॉर्डन यांनी केला होता. न्यायाधीशाच्या भूमिकेतल्या अल लुईस यांना अमेरिकन प्रेक्षक दूरदर्शनवरच्या एका भुताटकी मालिकेतले आजोबा म्हणून ओळखत. ते न्यायासनावर दिसताच तिथे हशा पिकणं त्यामुळे स्वाभाविक होतं.

चित्रपटात खटकणाऱ्या गोष्टी आहेत आणि त्या लपवू नयेत. जाहिरातीत बायकांचे कपडे फाडून माल खपवण्याचा जो प्रकार आहे, तो त्या धंद्याची टीका म्हणून आला असला तरी कॅमेरा स्वतःच त्यात रमतो. मेक्सिकन व्यापाऱ्याचं पात्र ठोकळेबाज आहे. शिव्या भरपूर आहेत. अमेरिकेत याला १७ वर्षांखालच्यांनी मोठ्यांसोबतच पाहावा असा दर्जा मिळाला होता, तो रास्त आहे. घरात मुलांना घेऊन बसण्याचा हा चित्रपट नव्हे. सुमारे ८० लाख डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने तिकिटांवर जेमतेम १ कोटी १७ लाख मिळवले. नऊ दिवस आधीच विमानप्रवासाची टर उडवणारा एक तुफान विनोदपट लागला होता आणि गर्दी तिकडे गेली. त्या अपयशाचा शिक्का अजून पुसला गेलेला नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यात काय सापडेल, हेही सांगतो. १९८० मध्ये आपल्याकडे असं आवार, असा विक्रेता असणं शक्यच नव्हतं. मुंबईत कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी किंवा बंगालमधली ॲम्बॅसडर घ्यायची तर नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागे. त्यामुळे हातातली जुनी गाडी चढ्या भावाने जाई. गिऱ्हाइकाला गळ टाकून ओढायची विक्रेत्याला गरज नव्हती, गिऱ्हाईकच पाया पडत येई. आज चित्र उलटं आहे. पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत सेकंडहँड गाड्यांची आवारं उभी आहेत आणि मीटर मागे करणारेही आहेत. चाकत्या गेल्या, आता किलोमीटरचा आकडा मीटरमधल्या स्मृतिचिपमध्ये असतो आणि लॅपटॉप जोडून काही मिनिटांत बदलता येतो. आकड्यांची ओळ वाकडी होण्याची खूणही गेली. पण अनेक गाड्यांत तोच आकडा इतर नियंत्रकांतही साठवलेला असतो. चांगला स्कॅनर लावला तर दोन ठिकाणी दोन आकडे सापडू शकतात. अधिकृत वर्कशॉपच्या जॉबकार्डावर प्रत्येक सर्व्हिसिंगला किलोमीटर लिहिलेले असतात, ते मागून घ्यावेत. पेडलचं रबर आणि दाराची बिजागरी आजही खरं बोलतात.

रंगाखालची पुट्टी ओळखायला पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक पुरतं. पत्र्यावर ते चिकटतं, जाड पुट्टीवरून घसरतं. ॲल्युमिनियम किंवा प्लॅस्टिकच्या भागावर ते मुळातच चिकटणार नाही, हे लक्षात ठेवावं. इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावं. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी, न सांगता जावं. झिजलेल्या इंजिनात घट्ट तेल ओतलं की फटी भरतात आणि खडखड दबते. पण तेल तापून पातळ झालं की आवाज परत येतो. म्हणून पाच मिनिटांची फेरी उपयोगाची नाही, अर्धा तास चालवावी आणि मग दहा मिनिटं जागेवर चालू ठेवून एक्सलेटर दाबावा. निळसर धूर आला तर पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सील गेलेले आहेत. तेलाच्या झाकणाखाली दुधी-तपकिरी साय दिसली आणि ती पुसून लांब फेरी मारल्यावरही पुन्हा आली, तर तेलात पाणी मिसळत असण्याची शक्यता मोठी. कागदांत मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही झाल्याशिवाय, आणि गाडीवर कर्ज असेल तर कर्जाची नोंद काढण्याचा फॉर्म ३५ व बँकेचं पत्र हाती आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत गाड्यांचा व्यापार करणाऱ्याला परिवहन खात्याकडून प्राधिकाराचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते आवारात लावलेलं आहे का, हे विचारण्यात संकोच नसावा.

पाहणाऱ्यांसाठी एवढंच: चित्रपट ११३ मिनिटांचा आहे, संवाद वेगवान आणि बोलीभाषेतले आहेत, तेव्हा इंग्रजी उपशीर्षकं लावूनच पाहावा. मीटरचा प्रसंग सुरुवातीलाच असल्यामुळे उशिरा बसून उपयोग नाही.

संपादक महोदय, चित्रपटाच्या पानावर दिग्दर्शकाची कारकीर्द आणि कलाकारांची नावं येतात, ती यावीतच. पण एखादा चित्रपट एखाद्या धंद्यावर उभा असेल तर त्या धंद्याची माहिती असलेल्या माणसाचाही मजकूर शेजारी यावा, अशी विनंती आहे. गॅरेजमध्ये आयुष्य घातलेले आणि सुरेख मराठी बोलणारे जाणकार आपल्या प्रत्येक शहरात आहेत. पुढच्या वेळी समीक्षकाच्या लेखाबरोबर अशा एखाद्याचे दोनशे शब्द छापावेत, आणि जमलं तर सुरुवात याच चित्रपटापासून करावी.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे